सलोनी गावकर हिच्या दाखल्यावरील वर्तणुकीच्या शेऱ्याबाबत

दिनांक : ७ जुलै २०२५

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण विभाग, पंचायत समिती,
जिल्हा सिंधुदुर्ग.

अर्जदार : श्रीमती नर्मदा वसंत राऊळ, वय ६१, रा. देऊळवाडी, मौजे कांदळसरी.

विषय : दहावी उत्तीर्ण कु. सलोनी मंगेश गावकर हिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘वर्तणूक – असमाधानकारक’ हा शेरा शुक्रवार, ११ जुलैपूर्वी काढून टाकणेबाबत. ते जमत नसल्यास शेऱ्याचे खरे कारण दाखल्यावर लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे ‘सद्गुणी बालक, समर्थ समाज’ हे परिपत्रक.
२) माझे दि. ९ जून व दि. २० जूनचे अर्ज.
३) त्या अर्जांच्या उत्तरादाखल आपण पाठवलेले ‘सद्गुणदूत’ प्रमाणपत्र.

महोदय,

आज सोमवार. सोमवारी माझे मौन असते, म्हणून समक्ष न येता लिहिते. शिवाय कालपासून चातुर्मास लागला आहे आणि या चार महिन्यांत कोणाची निंदा करायची नाही असा माझा दरवर्षीचा नेम आहे. तेव्हा खाली जे लिहिले आहे ती निंदा नव्हे, घडले तेवढेच आहे. वाचताना निंदेसारखे वाटल्यास तो दोष घडलेल्या गोष्टींचा समजावा.

१. मी कोण ते आधी सांगते, कारण आपल्या प्रमाणपत्रावर माझ्या नावामागे ‘श्री.’ लागले आहे. यजमान वारल्याला चौदा वर्षे झाली. पहाटे देवाची फुले, दुपारी एक वेळ जेवण, संध्याकाळी वाती वळणे आणि दिवेलागणीला देवळाच्या पडवीत वाडीतली मुले जमवून परवचा, असा माझा दिवस असतो. पडवीतल्या मुलांचे हे एकोणिसावे वर्ष. शिक्षण त्या काळची दहावी. मोठ्याने बोलण्याची सवय नाही. मागे बसलेली मुले म्हणतात, “काकी, वायच मोठ्यान सांग गो.” आपणास दोनदा हळूच सांगून पाहिले, आता वायच मोठ्याने सांगते.

२. आपल्या परिपत्रकाप्रमाणे आमच्या गावच्या माध्यमिक विद्यालयात जूनपासून जानेवारीपर्यंत आठ महिन्यांत आठ सद्गुण शिकवण्यात आले. दर महिन्याला एक. प्रत्येक सद्गुणाचे तीन फोटो आणि एक अहवाल आपल्याकडे पाठवायचा होता. संयम हा सद्गुण दिवाळीच्या सुटीमुळे आठ दिवसांत आटोपला. त्याच महिन्यात मुख्याध्यापक श्री. दळवी सर घरी आले आणि म्हणाले की परिपत्रकात ‘स्थानिक मार्गदर्शक’ असा एक रकाना आहे, तो रिकामा राहिला तर गुण जातात. आपण व्रतस्थ आहात, आपले नाव शोभेल. मी म्हटले, नाव नको, मीच येते. ते जरा अवघडले, पण मंगळवार-शुक्रवार मी जाऊ लागले. जे पाहिले ते लिहिते.

करुणेच्या महिन्यात शिपायाचे वासरू शाळेत आणले. पाचवीपासून दहावीपर्यंतचे सहा वर्ग एकामागून एक त्याला कुरवाळत उभे राहिले. चौथ्या वर्गाला वासराला धाप लागली. मी म्हटले, सावलीत बांधा, पाणी दाखवा. उत्तर मिळाले, “बाई, दोनच वर्ग राहिलेत.”

मातृ-पितृ पूजनाच्या दिवशी आयांनी यावे असा निरोप होता. बहुतेकजणी काजूच्या कारखान्यात कामाला जातात, त्यांना सुटी कोण देणार? सावित्री गावकर, म्हणजे याच सलोनीची आई, खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून विकते. भरतीच्या वेळी त्या काढता येत नाहीत; त्या दिवशी भरती होती म्हणून ती येऊ शकली. तिच्या पायांवर त्या दिवशी पाच मुलांनी पाणी घातले, त्यांतले एकही तिचे नव्हते. ती मला म्हणाली, “वैनी, चिखलात उभी रवान पाय धुवाक येळ गावना नाय. आज सरकारान धुतल्यान.” फोटो आपल्याकडे आहेत. तिन्ही फोटोंत पाय तेच आहेत. कोणी पाहिले असते तर कळले असते.

आणि नोंदवही. प्रत्येक मुलाने रोज एक सत्कृत्य करून वहीत लिहायचे होते. जानेवारीत तपासणी येणार असे कळले तेव्हा वह्या कोऱ्या होत्या. मग एका शुक्रवारी दुपारच्या सुटीनंतर सगळ्या वर्गांना बसवून सहा महिन्यांची सत्कृत्ये फळ्यावरून उतरवून घेण्यात आली. मी दारात उभी होते. फळ्यावर पहिलेच वाक्य होते, ‘आज मी अंध व्यक्तीस रस्ता ओलांडण्यास मदत केली.’ मुलांना ते आवडले असावे, कारण पुढेही त्यांनी तेच पुष्कळ लिहिले. आमच्या गावात अंध व्यक्ती एकच, भाई तेरसे. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांत ते दाराबाहेर पडलेले नाहीत. आपल्याकडे गेलेल्या अहवालात ‘अंध व्यक्तीस साहाय्य – २११’ असा आकडा आहे. मी तो भाईंना वाचून दाखवला. ते म्हणाले, “अगो नर्मदा, दोनशे अकरा म्हणजे इशम (विषम) आकडो. मगे मी आता रस्त्याच्या पलीकडे आसाक व्हयो. माझां घर अजून अलीकडेच कसां?” एका आंधळ्या माणसाला जे बसल्या जागी दिसले ते आपल्या कार्यालयात कोणाला दिसले नाही, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटण्याचे माझे वय गेले.

३. मी काय शिकवले, तेही सांगायला हवे, कारण पुढे माझ्यावर आरोप आहे. मला सद्गुण शिकवता येत नाहीत. कोणाला येत असतील असे वाटत नाही. मी एकत्र बसवलेल्या आठवी ते दहावीच्या मुलांना एवढेच सांगितले की रोज आपली एक चूक आपणहून सांगायची. लिहायची नाही, फोटो नाही, शिक्षा नाही. नुसती सांगायची आणि जाग्यावर बसायचे. पहिले तीन आठवडे कोणी उठले नाही. मग प्रिन्स नावाचा आठवीतला मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, आमी फादराक सांगतो तां तुमकां पण सांगाचा काय? की तां चलात?” सगळे हसले. मी म्हटले, तां थंय चलात, हंय वेगळी चूक सांग. त्याने वेगळे सांगितले. त्यानंतर सलोनी उठली आणि म्हणाली की आजीचे औषध आणायला विसरले आणि दुकान बंद होते असे आईला सांगितले. सांगून झाल्यावर रडली नाही की काही नाही, घरी जाऊन आईलाही सांगितले. आईने एक फटका दिला. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा सोळा हात वर होते.

दळवी सरांनी हे बंद करायला सांगितले. म्हणाले, “यात सगळ्या वाईटच गोष्टी येताहेत. अहवालात काय लिहू?” मी बंद केले. त्यांची शाळा. पण मुलांनी पडवीत येऊन ते चालू ठेवले, ते माझ्या हातात नव्हते.

४. आता ३१ जानेवारीचा दिवस. सत्य हा शेवटचा सद्गुण होता आणि त्याच दिवशी उपक्रमाची सांगता होती. आपण प्रमुख पाहुणे होतात, पण मध्येच उठून गेलात. शिवाय आपण घाटावरून बदलून आलेले, इकडची रीत आपणास ठाऊक नसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात. नारळ-विडा ठेवून, रवळनाथाचे नाव घेऊन एकजण बोलतो आणि त्याच्या प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतात. ते नुसते हो म्हणणे नसते. ती साक्ष असते. बोलणारा खोटे बोलला तर साक्ष देणारेही त्यात आले. हल्ली लग्नात, सभेत, कुठेही गाऱ्हाणे घालतात, लोक हसतात, टाळ्या देतात. दळवी सरांनीही तसाच एक गमतीचा कार्यक्रम ठेवला होता. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता : शाळेला जिल्ह्यात पहिला नंबर दे, साहेबांना बढती दे. बोलायला सलोनीला उभे केले, कारण तिचा आवाज खणखणीत आहे. आणि मला सांगितले, “बाई, नारळ-विडा तेवढा देवळातल्यासारखा मांडून द्या. फोटोत खरा दिसला पाहिजे.”

मी मांडला. मला खोटा मांडता येत नाही. समई लावली, तांदूळ ठेवले, नाव घेतले. घोटाळा इथेच झाला. मजकूर सरांचा राहिला आणि नारळ देवाचा झाला.

सलोनी जवळ येऊन हळूच म्हणाली, “काकी, ह्या नारळाम्होरा सरांचा कागद वाचू?” मी म्हटले, “नारळ देवाचो आसा बाय. कागद सरांचो. खंयचो कोणाक ऐकवचो तां तू बग.” हे वाक्य माझे आहे. ते मी नाकारत नाही. या सगळ्या प्रकरणात चिथावणी म्हणतात ती एवढीच.

मग ती बोलली. तिचे शब्द तसेच लिहिते, कारण शुद्ध भाषेत आणले तर ते आपल्या अहवालासारखे दिसतील.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझी लेकरां शाळेच्या मांडवात जमली हत, तेंची सेवा मानून घे म्हाराजा!” – व्हय म्हाराजा!

“आमी वयेत बरी कामां लिवली, पण केली नाय. सा म्हयन्यांची कामां एका दुपारी बसान लिवली. तेची आमकां माफी दी म्हाराजा!” – व्हय म्हाराजा!

“वासराक तान लागली होती, आमी फोटो काढीत रवलो. तेचो तळतळाट आमकां लागू देव नको म्हाराजा!” – व्हय म्हाराजा!

“भाई तेरश्यांक आमी रस्तो वलांडून दिलो म्हणान लिवलां. भाई दाराभायर पडूक नाय. आमचां पाप तेंच्या माथ्यार घालू नको म्हाराजा!” – व्हय म्हाराजा!

“सायबांनी ह्यां सगळां वाचलां आणि बरां म्हटलां. सायबांक डोळे दी म्हाराजा!” – व्हय म्हाराजा!

पावणेदोनशे मुले, मागे उभे असलेले आईबाप आणि शिपाई, सगळ्यांनी एका आवाजात साक्ष दिली. इथल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही. खुर्चीवर बसलेल्या दळवी सरांच्या तोंडूनही एकदा “व्हय म्हाराजा” निघाले. तेही इथलेच, जिभेला सवय. नंतर तो खोकला होता असे त्यांनी खुलाशात लिहून दिल्याचे कळते. आपण पहिल्या चारही गाऱ्हाण्यांना टाळ्या वाजवल्यात, कारण आपणास भाषा कळत नव्हती. पाचव्याला शेजारच्यांनी आपल्या कानात अर्थ सांगितला. आपण उठलात. गाडीपर्यंत शाल तशीच खांद्यावर होती.

५. जूनमध्ये दाखले मिळाले. सलोनीला दहावीत शहाऐंशी टक्के आहेत. ‘वर्तणूक’ या रकान्यात तिला ‘असमाधानकारक’ मिळाले. “व्हय म्हाराजा” म्हणणाऱ्या तिच्या वर्गातल्या सगळ्यांची वर्तणूक ‘चांगली’ आहे. ज्या मुलाने शाळेचा पंखा काढून घरी नेऊन लावला त्याची ‘उत्तम’ आहे. पंखा अजून त्याच्या घरी फिरतो आहे.

दाखला नीट पाहिलात तर तो शेरा वेगळ्या हस्ताक्षरात आहे असे दिसेल. बाकीचा दाखला वर्गशिक्षिका क्लेमेंटिना टीचर यांनी लिहिला. या रकान्याशी येऊन त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “सर, ह्यां तुमी लिवा. माका रविवारी चर्चात मिसाक जावचा आसता.” सरांनी लिहिले. सरांना रविवारी कुठे जायचे नसते.

६. या एका शब्दाने काय होते ते आपणास मी सांगावे असे नाही, तरी सांगते. सलोनीला जिल्ह्याच्या ठिकाणी तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला आहे. आमच्या गावाहून तिथे जायला होडीने खाडी, मग एसटी, मग दुसरी एसटी, असे जातानाचेच तीन तास लागतात. मुलींच्या वसतिगृहात जागा आहे, पण चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. शुक्रवार, ११ जुलै ही शेवटची तारीख. वसतिगृह नाही तर शिक्षण नाही, इतके ते सरळ आहे. या मुलीच्या घरात आजपर्यंत कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही.

मी ९ जूनला अर्ज केला, २० जूनला केला. उत्तरादाखल आपल्या कार्यालयाने मला एक रंगीत प्रमाणपत्र पाठवले. ‘आपल्या मौलिक सूचनेबद्दल आपली सद्गुणदूत म्हणून निवड करण्यात येत आहे.’ अर्ज कोणी वाचला नसावा, किंवा वाचून असे केले असावे. दोन्हींतले कुठले वाईट ते मी ठरवू शकले नाही. प्रमाणपत्र परत करत आहे. घरात भिंती चार आहेत आणि चारही ठिकाणी देव आहेत.

आपणाविषयी माझ्या मनात राग नाही, हे इथे नमूद करते. राग येण्यासाठी समोर काहीतरी असावे लागते.

७. मागच्या मंगळवारी दळवी सरांनी सलोनीच्या बापाला बोलावले. मंगेश दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. सध्या मासेमारी बंद म्हणून घरी असतो. सरांनी त्याला एक टाइप केलेला कागद दिला. मुलीने त्यावर सही केली की नवा दाखला तयार, ‘वर्तणूक – चांगली’, आपली मंजुरीही मिळेल असे सांगितले. कागदावर आहे : ‘मी दिनांक ३१ जानेवारी रोजी जाहीर कार्यक्रमात जे बोलले ते सर्व खोटे असून, ते मी बाहेरील व्यक्तीच्या चिथावणीवरून बोलले. मला त्याचा पश्चात्ताप होत आहे.’

बाहेरील व्यक्ती म्हणजे मी. एकोणीस वर्षे गावच्या देवळाच्या पडवीत बसून मी बाहेरची कशी, हे विचारत नाही. मी सरांकडे गेले आणि म्हटले, चिथावणी राहू द्या, माझे नावही घाला, हवे तर मी मुलांना बिघडवते असेही लिहा, त्याखाली मी स्वतः सही करते. फक्त ‘खोटे’ हा शब्द काढा. सरांनी कागद पुन्हा वाचला आणि फार समजुतीने म्हणाले, “बाई, बाकी सगळे बदलू. तोच एक शब्द महत्त्वाचा आहे.”

म्हणजे या तालुक्यात मुलीने खरे सांगितले तर वर्तणूक वाईट, आणि खोटे लिहून दिले तर चांगली. आठ महिन्यांच्या उपक्रमातून मुलांना शिकायला मिळाले ते हे. आपल्या अहवालात ते आलेले नाही, म्हणून माझ्याकडून भर घालते.

८. आता मला स्वतःबद्दल लिहायचे आहे. हे लिहिले नाही तर वरचे लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी परवचा संपल्यावर सलोनी पडवीत थांबली. कागद तिच्या हातात होता. म्हणाली, “काकी, आवस म्हणता सय कर. बापूस कायच बोलना नाय. तू सांग. तू सांगशीत तां मी करतंय.”

त्या दिवशी माझे मौन नव्हते. बोलता आले असते. सही कर म्हणावे तर एकोणीस वर्षे मी या मुलांशी काय बोलत आले? करू नको म्हणावे तर वर्ष तिचे जाते, माझे काय जाते? मी वाती वळत राहिले. शेवटी म्हटले, “तुका बरां वाटात तां कर बाय.”

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. म्हणाली, “काकी, तू पण सरांसारखीच बोलतंस मां.” आणि गेली.

साहेब, मला आयुष्यात पुष्कळ बोलणी बसली आहेत. सासूबाईंची बसली, दिरांची बसली. असे कोणी बोलले नव्हते. योग्य तो निर्णय घ्यावा, नियमानुसार कार्यवाही व्हावी, आपल्या स्तरावर पाहावे, ही आपली भाषा मला इतके दिवस हास्यास्पद वाटत होती. ती माझ्या तोंडातून मालवणीत निघाली. भ्यालेल्या माणसाची भाषा सगळीकडे एकच असते, हे त्या संध्याकाळी कळले. म्हणून आपल्याविषयी वर जे काही लिहिले त्यात शुक्रवारपुरते माझे नावही धरावे.

९. काल एकादशी होती. सकाळची पूजा झाल्यावर फराळ न करता मी गावकरांच्या घरी गेले. मुलीला म्हटले, “सय करू नको बाय. परवा मी भियालंय म्हणान तसां बोललंय.” एवढेच. मला भाषण येत नाही.

सावित्री मागीलदारी तिसऱ्या निवडत होती. ती उठून पुढे आली, हात तसेच ओले. म्हणाली, “वैनी, तुमचां बरां आसा. देव रागावलो तर मी तेच्या पायार पडतंय, तो ऐकता. होस्टेलवाल्या बायच्या खंयच्या पायार पडू? तिचे पाय खंय ते तरी सांगा माका.” पुढे म्हणाली, “चेडवाचां वरस गेलां तर तुमचे उपास माझ्या काय कामाचे?” ती परत मागीलदारी गेली. दर एकादशीला माझ्यासाठी शहाळे ठेवते, काल ठेवले होते की नाही ते मी विचारले नाही, तिने दिले नाही.

मंगेश माचीवर बसून जाळे शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “सलोन्या, तो कागद हाड.” मला वाटले, आता सही होणार. तिने देव्हाऱ्यामागून कागद आणला. बापाने तो हातात घेतला नाही, माझ्याकडे बोट केले. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काकी, ह्यो तुझ्याकडेच ठेय. घरात रवलो तर माझो हात जायत.”

सोळा वर्षांच्या मुलीला आपला हात कुठे जाईल याची भीती आहे. इतर कोणाला ती असल्याचे या सगळ्या कागदपत्रांत मला आढळले नाही.

कागद सोबत जोडला आहे. सहीची जागा कोरी आहे. या अर्जाची एक प्रत मी वसतिगृहालाही पाठवत आहे.

१०. तरी विनंती अशी :

शेरा चुकीचा आहे, तो काढण्यास आपली मंजुरी द्यावी आणि नवा दाखला गुरुवार संध्याकाळपर्यंत शाळेत पोहोचवावा. शाळा ते कार्यालय अंतर एकोणीस किलोमीटर आहे; फोटो तिथे दर महिन्याला वेळेवर पोहोचत होते.

हे आपणास शक्य नसेल तर शेरा राहू द्यावा, परंतु तो अर्धवट आहे, तो पूर्ण करून द्यावा. नुसते ‘असमाधानकारक’ लिहिल्यावर वाचणाऱ्याला वाटते की मुलीने चोरी केली असेल, कोणाला मारले असेल. म्हणून त्याच रकान्यात पुढे एवढेच लिहावे : ‘कारण, हिने जाहीर कार्यक्रमात खरे सांगितले आणि ते खोटे होते असे लिहून देण्यास नकार दिला.’ खाली आपली सही, नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का. तो दाखला घेऊन मी शुक्रवारी सकाळच्या पहिल्या होडीने मुलीबरोबर वसतिगृहात जाईन आणि तिथल्या बाईंना वाचायला देईन. प्रवेश दिला तर बरे, नाही दिला तर नाही. पण तिला का नाकारले ते कोणाच्या तरी सहीने लिहिलेले असेल.

नवा दाखला द्यायचा की हे एक वाक्य लिहायचे, ते आपण ठरवावे. वाक्य खरे आहे, त्यामुळे ते लिहायला अहवालाइतका वेळ लागू नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
नर्मदा वसंत राऊळ
देऊळवाडी, मौजे कांदळसरी

सोबत :
१) कु. सलोनी गावकर हिच्या दाखल्याची छायाप्रत (वर्तणुकीच्या रकान्यातील हस्ताक्षर पाहावे).
२) ‘सद्गुणदूत’ प्रमाणपत्र, परत.
३) मुख्याध्यापकांनी दिलेला माफीचा कागद, टाइप केलेला, सही नसलेला.